माझ्या व्याह्यांची जड फाईल

देवाने माणसाला राग दिला, राग बाहेर काढायला तोंड दिलं, आणि ज्याच्यासमोर ते तोंड जन्मभर मिटून ठेवावं लागतं असा एकच माणूस घडवला, तो म्हणजे मुलीचा सासरा. बायकोवर रागावता येतं, ती दुपटीने परत करते हा भाग वेगळा. भावावर रागावता येतं. सरकारी साहेबावरसुद्धा तो जीपमध्ये बसून निघून गेला की मनसोक्त रागावता येतं. व्याह्यावर नाही. माझे व्याही हे या पृथ्वीतलावरचे सर्वांत चीड आणणारे गृहस्थ आहेत, हे मी आर्वीच्या बसस्टँडसमोर उभा राहून ओरडून सांगायला तयार आहे. फक्त त्या वेळी सिंदीकडची ओळखीची बाई तिथे गाडीची वाट पाहत उभी नसावी. कारण बातमी माझ्याआधी माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात पोचेल, आणि मग फोन येईल, आणि त्या फोनला मी जगात सर्वांत जास्त भितो.

माझं आर्वीत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, शाळांचे गॅदरिंगचे अंक, तेरवीची कार्डं, आणि निवडणुका आल्या की हात जोडून उभी असलेली माणसं, हे सगळं कॉम्प्युटरवर नीट मांडायचं आणि छापखान्याकडे पाठवायचं, हा माझा धंदा. व्याही सिंदी रेल्वेला असतात. तिथल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसून त्यांनी आयुष्य काढलं. शेतकऱ्यांच्या गाड्या यायच्या, कापूस उतरायचा, हे वजन पुकारायचे. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण काटा अजून त्यांच्या अंगातून उतरलेला नाही. जगातल्या कुठल्याही वस्तूची किंमत तिच्या वजनावर ठरते, अशी त्यांची श्रद्धा आहे. आमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी मोठ्या हौसेने स्वतः मांडली होती, दोन रंगांत, केळझरच्या गणपतीचं चित्र घालून. ती घेऊन पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी ती उघडलीदेखील नाही. तळहातावर ठेवली, हात दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "इवाई, हलकी वाटते जी पत्रिका." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मी हसलो. मुलीचा बाप दुसरं काय करणार? घरी आलो आणि सगळी पत्रिका जाड कागदावर पुन्हा छापून घेतली. पुढे नात झाली तेव्हा बायकांमध्ये बाळ कोणावर गेलंय याचा वाद चालला होता. यांनी बाळ हातांवर घेतलं, डोळे मिटले आणि वजन पुकारलं. नर्सने बाळाला काट्यावर ठेवलं तर आकडा वेगळाच निघाला. यावर हे शांतपणे म्हणाले, "काटा तपासून घ्या म्हना." दवाखान्यातून निघेपर्यंत ती बिचारी नर्स काट्याकडे संशयाने पाहत होती.

इथपर्यंत ठीक होतं. अशा माणसाचा राग येतो, पण तो घोटभर पाण्याबरोबर गिळता येतो. माझा राग गळ्याखाली उतरेनासा झाला तो व्याह्यांच्या पुस्तकापासून.

व्याह्यांचं मूळ गाव आर्वीकडचं. आता ते नाही. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं जिकडे जागा मिळाली तिकडे गेली. काही नव्या वस्तीत राहिली, काही वर्ध्याला, काही नागपूरला, काही पार पुण्याला कंपनीत. व्याही नोकरीमुळे आधीपासून सिंदीत होते. दर अक्षय तृतीयेला मात्र ही सगळी माणसं पाण्याच्या काठच्या माळावर जमतात, वाडवडिलांच्या नावाने घट मांडतात आणि मग पंगत बसते. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि चिंचवणी. त्या पंगतीचा एक नियम आहे, जो मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिला नाही. मांडलेली पत्रावळ उचलायची नाही. घरात जेवढी माणसं तेवढ्या पत्रावळी मांडतात. कोणी आलं नाही तर त्याच्या पत्रावळीवर दगड ठेवतात, म्हणजे ती वाऱ्याने उडत नाही. वाटेवरच्या कोणी तिथे बसून जेवावं, परगावच्या पाहुण्याने बसावं, पण रिकामी राहिली म्हणून ती उचलायची नाही. आणि फाटली तर? तरीही नाही. तिच्यावरच दुसरी मांडायची. हे सगळं व्याह्यांनी मला कौतुकाने सांगितलं होतं आणि मीही कौतुकाने ऐकलं होतं. हा नियम उद्या माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरेल, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं?

तर, बुडालेल्या गावाचं पुस्तक करायचं हे व्याह्यांनी ठरवलं. एका घराला एक पान. घराची जागा कुठे होती, घरात कोण कोण होतं, आता कोण कुठे आहे, आणि सगळ्यांचे फोटो. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण जावयांनी त्यांना आपला जुना कॉम्प्युटर दिला. जावई गुणी आहेत, त्यांच्या हातून झालेला हा एकच गुन्हा. मग एका उन्हाळ्यात व्याही माझ्या दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून पानं मांडायला शिकले, आणि मला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं. तेव्हापासून दर थोड्या दिवसांनी ते सिंदीहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी अशा दोन गाड्या बदलून येतात. खिशात सुपारीचा डबा असतो, डब्यात सुपारीऐवजी पेन ड्राइव्ह. तो माझ्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "पाहा बरं इवाई, किती भरली?"

किती भरली! फाईल म्हणजे काय गाय आहे? पहिल्या खेपेला ती ठीकठाक होती. दुसऱ्या खेपेला फुगली. तिसऱ्या खेपेला उघडताना माझा कॉम्प्युटर असा घोगरा आवाज करायला लागला की शेजारचा चहावाला डोकावून पाहून गेला. पानं तेवढीच, फोटो दिसायला तेवढेच, आणि वजन दुप्पट. मी चिडून त्यांच्याकडे पाहिलं तर चेहऱ्यावर समाधान. "अंगानं धरून राह्यली," म्हणाले. मी म्हटलं, "इवाई, फाईल वाढणं चांगलं नसते." तर म्हणतात, "काऊन जी? गाव वाढून राह्यलं, मंग फाईल नाई वाढणार?"

मग मी एकेक पान तपासायला बसलो. आजच्या मोबाईलने काढलेला फोटो एवढा मोठा असतो की त्याचा चौकात लावायचा बोर्ड होईल. व्याह्यांनी तसा फोटो जसाच्या तसा आणून पानावर टाकला होता आणि मग कोपऱ्याला धरून टपाल तिकिटाएवढा केला होता. डोळ्याला तिकीट दिसतं, फाईलच्या पोटात बोर्डच राहतो. एका शेतकऱ्याचा फोटो बैलासोबत होता. पुस्तकात फक्त चेहरा हवा म्हणून व्याह्यांनी बैलाकडची बाजू कापली होती. मी समजावून सांगितलं, की तुम्ही कापला म्हणजे तो गेला असं नाही, इथे कापणं म्हणजे पडदा ओढणं. पडद्यामागे सगळा बैल उभा आहे आणि त्याचं वजन आपण वाहतोय. हे ऐकून मी अपेक्षा केली होती की त्यांना धक्का बसेल. ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे बैल हाये अजून?" मी म्हटलं, आहे. "मंग राहू द्या ना जी. लय गुणी बैल होता थो."

त्यात आणखी हौस. प्रत्येक पानामागे पाण्याचा फिकट फोटो हवा. तो एकदाच ठेवून सगळ्या पानांना लागू करता येतो, पण यांनी प्रत्येक पानावर वेगळा आणून चिकटवला. प्रत्येक फोटोखाली सावली हवी, कारण माणसाला सावली असते. आणि अक्षर? प्रत्येक घराला वेगळं! एका घराला जाड, एका घराला तिरपं, पाटलाच्या घराला वेलबुट्टीचं. का, तर प्रत्येक घराचं वळण वेगळं होतं. आता छापखान्यासाठी फाईल तयार करून बाहेर काढली की वापरलेलं प्रत्येक अक्षर-वळण तिच्यासोबत बांधून द्यावं लागतं, नाहीतर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. म्हणजे एका पुस्तकासोबत अख्ख्या गावाचं सामान निघालं. मी हे सगळं दातांवर दात ठेवून सांगितलं. व्याही मान हलवत ऐकत होते. शेवटी मला वाटलं, समजलं. तर त्यांनी विचारलं, "इतलं सारं तुमाले वरून पाहून कसं समजते जी?" आणि पुढच्या खेपेला फाईल आणखी वाढवून आणली. मी पंख्यावर ओरडलो, प्रिंटरवर ओरडलो, चहा पांचट आहे म्हणून चहावाल्यावर ओरडलो. तो समजूतदार आहे. त्याने विचारलं, "सिंदीवाले पाव्हणे आले काय?"

अक्षय तृतीया जवळ आली. त्या दिवशी पंगतीत पुस्तक घराघराच्या हातात द्यायचं, असं व्याह्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं. छापून देणार होता वर्ध्याचा एक छापखानेवाला, माझ्या ओळखीचा. त्याला फाईल मेलने पाठवली तर जाईना. तुकडे करून पाठवली तर त्याच्याकडे उघडेना. शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन मीच गेलो. ती उघडताना त्याचा कॉम्प्युटर बंद पडला. त्याचा तरुण ऑपरेटर मला म्हणाला, "काका, पुस्तक आहे की गोदाम?" धंद्यात एवढी वर्षं काढून एका पोराकडून हे ऐकून घेतलं. छापखानेवाल्याने हात जोडले. हलकी करून आणा, नाहीतर लग्नाचा सीझन आहे, तुमचं काम मागे पडेल.

परत येऊन मी रागाच्या भरात सोपा मार्ग पकडला. सगळी फाईल एका झटक्यात दाबून लहान करायची सोय असते, ती वापरली. फाईल झाली लहान. दुसऱ्या दिवशी व्याही आले तेव्हा मी विजयी चेहऱ्याने त्यांना पडद्यासमोर बसवलं. ते एकेक पान पाहत गेले. अशा दाबण्यात फोटोतले बारकावे जातात, आणि त्यांच्याकडचे जुने फोटो आधीच पुसट. डोळे, नाक, मिशा, सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं. एका म्हातारीच्या चेहऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "इवाई, हे लोकं पुन्यांदा पान्यात गेले जी."

त्या वाक्याने माझं डोकं आणखी तापलं. माणूस भांडला तर बरं असतं, असं हळूच काही बोलला की सगळा दिवस खराब होतो. मी ती दाबलेली फाईल फेकली, मूळची उघडली आणि ठरवलं की एकेक फोटो बाहेर काढून, योग्य मापाचा करून परत ठेवायचा. पहिल्या पानावरचा पहिला फोटो बाजूला सरकवला. खाली दुसरा फोटो! तो सरकवला, त्याच्याखाली तिसरा. पुढच्या घराचं पान, तिथेही तेच. वर कॉलेजातली मुलगी, तिच्याखाली तीच फ्रॉकमधली, तिच्याखाली तीच पाळण्यात. वर हसणारं जोडपं, त्याच्याखाली एकटा नवरदेव. लोक आधी हाती लागतील ते जुने फोटो देत होते, मग दर थोड्या दिवसांनी नवे पाठवत होते, आणि हा गृहस्थ जुना न काढता नवा त्याच्यावर ठेवत होता. वरून एक फोटो दिसणार, आत थप्पीची थप्पी, आणि छापखान्याला पाठवलेल्या फाईलमध्ये ती सगळी थप्पी जाणार!

"काऊन?" मी विचारलं. "जुना फोटो काऊन नाई काढला तुमी?"

"मांडलेलं उचलाचं नसते, इवाई," ते म्हणाले, अगदी साधेपणाने. "वरून दुसरं ठेवाचं."

आणि लेकीच्या लग्नापासून आवळून ठेवलेली माझी जीभ सुटली. "गाव पान्यानं बुडालं, इवाई! हे पुस्तक तं तुमीच बुडवून राह्यले!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती पत्रिकांचे नमुने उलटायला लागली. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेन ड्राइव्ह काढून घेतला, पुसला, सुपारीच्या डब्यात ठेवला, डबा खिशात घातला आणि उठले. दाराशी थांबून चपला घातल्या आणि मला नमस्कार केला. त्या नमस्काराचा मला जितका राग आला तितका आजवर कशाचाही आला नाही.

फोन यायचा तो आलाच. "बाबा, काय म्हटलं तुमी मामाजीले?" लेक म्हणाली. "कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवला त्यायनं. लोकायले फोन करून सांगून राह्यले का यंदा पुस्तक नाई होत. तुमाले काही म्हनत नाई, पन तुमचं नाव निंगालं का उठून जाते." मी म्हटलं, चूक त्यांची आहे, फाईल एवढी जड कोणी करतं का? ती म्हणाली, "मले ह्या घरात राहाचं आहे, बाबा," आणि फोन ठेवला.

मी सिंदीला गेलो. सगळ्या वाटेवर मी मनातल्या मनात भांडत होतो, आधी व्याह्यांशी, मग जावयांशी, मग ज्याने कॉम्प्युटर शोधून काढला त्याच्याशी. घरात शिरलो तेव्हा व्याही ओसरीत बसले होते. "या इवाई," म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं. पाणी आलं, चहा आला. मी चहा संपवला, आत गेलो आणि कॉम्प्युटरवरचा टॉवेल ओढून बाजूला टाकला. ते दारात येऊन उभे राहिले.

"मले एक सांगा," मी म्हटलं. माफी मागायला आलो होतो, पण आवाज भांडणाचाच निघत होता. "शेतकऱ्याचा कापूस तुमच्या काट्यावर यायचा, त्यात काय काय असायचं?"

"सरकी असते," ते सावधपणे म्हणाले. "कवडी असते, कचरा असते. ओल असते. एखादा बदमाश असला तं गोटाही असते."

"मंग सूतगिरणीले सगळं तसंच पाठवायचे काय?"

"तसं कसं पाठवतीन? जिनिंग कायले असते मंग? सरकी येगळी निंगते, रुई गिरणीले जाते." मग त्यांच्या लक्षात आलं मी कुठे चाललोय, आणि चेहरा पडला. "पन सरकी कोनी फेकत नाई, इवाई."

"फेकाले कोन सांगून राह्यलं?" मी जवळजवळ ओरडलोच. "ही तुमची फाईल हाये ना, हे घरी ठेवा. बैलासकट ठेवा, पाळन्यातल्या पोरीसकट ठेवा. एक फोटो हलवाचा नाई तिच्यातला. तिची दुसरी प्रत करू, तिच्यातून फक्त रुई काढू आन् थे छापखान्यात देऊ. सरकी तुमच्याच घरी."

ते आत आले. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "असं होत होतं तं आधी काऊन नाई सांगतलं जी?" म्हणाले. माझ्या ओठांवर शब्द आले होते, ते मी गिळले.

मग आम्ही प्रत हाती घेतली आणि पानामागून पान उलगडत गेलो. मी प्रत्येक फोटो छापायला लागतो तेवढ्याच मापाचा करत होतो, खालची थप्पी काढत होतो, पाण्याचा फोटो एकाच जागी ठेवून सगळ्या पानांना लावत होतो, अक्षर सगळ्या घरांना एक करत होतो. पाटलाच्या वेलबुट्टीवरून थोडी खडाखडी झाली. व्याही प्रत्येक थप्पीतल्या प्रत्येक चेहऱ्याचं काही ना काही सांगत होते. कोण पोहण्यात पटाईत होता, कोणाच्या ताकाला चव होती, कोणती म्हातारी घर सोडताना चूल सारवून निघाली. चिडचिड करायची माझी फार इच्छा होती, पण ऐकत राहिलो. फाईल उतरत होती आणि त्यांना ते सोसत नव्हतं, हे दिसत होतं. आकडा खाली आला की ते खिडकीबाहेर पाहायचे.

शेवटी त्यांच्या स्वतःच्या घराचं पान आलं. मी सवयीने पहिला फोटो सरकवला. खाली काहीच नव्हतं. त्यांचा आणि विहीणबाईंचा फोटो, आईवडिलांचा, मुलाचा, आमच्या लेकीचा, नातीचा. आणि बाजूला एक रिकामी चौकट. तिच्यात फोटो नव्हता, खाली नाव होतं.

"हे?" मी विचारलं.

"धाकटा भाऊ माहा. फोटोच नाई त्याचा. तवा कोन फोटो काढून राह्यलं होतं?" ते चौकटीकडे पाहत होते. "मीच बोललो त्याले. एकच शब्द होता, रागात निंगाला. थो तसाच निंगून गेला घरातून. वाटलं, येईन चार दिवसानं. मंग धरन आलं, गाव गेलं." मग म्हणाले, "आता थो येतो म्हटला, तं येईन कुठी, इवाई?"

मी माउसवरचा हात काढला. त्यांनी विचारलं, "फोनवर जाते का जी असं पुस्तक? याच्या फोनवरून त्याच्या फोनवर?"

"जाते. हलकं असलं तं."

"मंग करा हलकं," व्याही म्हणाले. जन्मभर जड तेच खरं मानत आलेला माणूस. "जितलं हलकं होईन तितलं करा. दूर गेलं पायजे."

मी दोन फायली बाहेर काढल्या. एक छापखान्यासाठी, चेहऱ्यांचा एक केस न गमावता. दुसरी मोबाईलसाठी, त्याहून लहान, पण त्यातही म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणी दिसेल एवढी काळजी घेऊन. असं काम मी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकासाठीही कधी केलेलं नाही. व्याह्यांनी स्वतःच्या बोटाने ती गावाच्या ग्रुपवर पाठवली. ती क्षणात गेली. "गेली?" त्यांनी विचारलं. त्यांचा विश्वास बसेना. थोड्याच वेळात पुण्याहून कोणाचा तरी फोन आला, मग नागपूरहून, मग सुरतेहून. प्रत्येक फोनला व्याही आधी नंबर पाहायचे, मग उचलायचे.

अक्षय तृतीयेला मीही माळावर गेलो. उन्हाने डोळे दिपत होते, पाणी पार खाली गेलेलं. पुस्तकं छापून आली होती. लोक पानं उलटून आपलं घर शोधत होते, आणि सापडलं की शेजारच्याला कोपराने डिवचत होते. व्याह्यांनी एक पुस्तक तळहातावर ठेवून हात वरखाली केला, आणि काही बोलले नाहीत. पंगत मांडली गेली. त्यांच्या घरच्या रांगेत एका पत्रावळीवर दगड होता. ते सारखे रस्त्याकडे पाहत होते, कोणी मोटरसायकलवरून आलं की मान वळायची. फोन हातातच होता. रोडगे निघाले, भाजी आली, वाढपी रांगेच्या तोंडाशी पोचले, आणि रस्त्यावर कोणीच नव्हतं. मला त्या न पाहिलेल्या भावाचा असा राग आला की सांगता येत नाही. पुस्तक सुरतेपर्यंत गेलं, आणखीही कुठे कुठे गेलं असेल. या माणसापर्यंत एवढंही पोचू नये? आणि पोचलं असेल, तर यायला काय झालं होतं?

मी आपला एका बाजूला उभा होतो. व्याही माझ्याजवळ आले, माझा हात धरला, त्या पत्रावळीशी नेलं, तिच्यावरचा दगड उचलला आणि म्हणाले, "बसा इवाई."

मी म्हटलं, "मी कसा? हे तर..."

"बसा ना जी," ते म्हणाले. "बसाले कोनी तरी पायजे."

मी बसलो. ते माझ्या शेजारी बसायला वळले आणि थांबले. वाढप्याकडच्या गठ्ठ्यातून एक पत्रावळ ओढून त्यांनी माझ्या डाव्या हाताला मांडली आणि तो दगड तिच्यावर ठेवला. तिथे जागा नव्हती. रांग आधीच दाटीने बसलेली, माझा गुडघा शेजारच्याच्या गुडघ्याला लागत होता. आणखी एक पत्रावळ कशी मावेल, हे मी त्यांना सांगणार होतो, तोंड उघडलंही होतं.

मग मी ते मिटलं आणि जरा सरकून बसलो.